इनऑपर्च्यून म्हणजे काय? वाईट टायमिंग सांगणारा हा शब्द बंदरावरून कसा आला?

काही गोष्टी मुळात चुकीच्या नसतात, त्या चुकीच्या वेळी येतात. दहाव्याच्या विधीत मोठ्याने वाजलेली लावणीची रिंगटोन. नोकरीच्या मुलाखतीत उत्तर देताना बँकेच्या कर्जासाठी आलेला कॉल. बॉसचं डोकं तापलेलं असताना नेमका त्याच मिनिटाला पाठवलेला सुट्टीचा अर्ज. लावणीत दोष नाही, कर्जातही नाही आणि सुट्टी मागणं हा तर हक्कच. तरीही तिन्ही ठिकाणी आपण कपाळावर हात मारून म्हणतो, 'आत्ताच यायचं होतं का?'

हा 'आत्ताच' सांगण्यासाठी इंग्रजीत एक नेमकं विशेषण आहे, इनऑपर्च्यून. इंग्रजी बातम्यांमध्ये, ऑफिसच्या ईमेलमध्ये, राजकीय निवेदनांमध्ये हा शब्द वरचेवर दिसतो. बरेच जण त्याचा अर्थ 'अयोग्य' असा लावून पुढे जातात. पण हा अर्थ अर्धाच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच या शब्दाची खरी गंमत आहे.

आधी अर्थ समजून घेऊ

इनऑपर्च्यून म्हणजे अवेळी, नको त्या वेळी, गैरसोयीच्या क्षणी घडलेलं किंवा केलेलं. कोल्हापुरी बोलीत सांगायचं तर 'भलत्या टायमाला'.

या शब्दाचा रोख वेळेवर असतो, कृतीवर नसतो, हे लक्षात ठेवायचं. 'तुमचा प्रश्न इनऑपर्च्यून आहे' असं कुणी म्हटलं, तर त्याचा अर्थ प्रश्न वाईट आहे असा होत नाही. प्रश्न ठीक आहे, पण तो विचारायची ही वेळ नव्हे, एवढंच त्यात म्हटलेलं असतं.

उच्चाराबद्दल थोडं. ब्रिटिश इंग्रजीत जोर 'ऑ' वर येतो. अमेरिकन इंग्रजीत तो शेवटी सरकतो आणि शेवटचा भाग 'टून' असा ऐकू येतो. आपल्याकडे 'इनऑपर्च्यून' म्हटलं तरी समोरच्याला कळतं.

शब्दाची फोड सोपी आहे. 'ऑपर्च्यून' म्हणजे अनुकूल, योग्य वेळी आलेलं. त्याच्या आधी नकाराचा 'इन' लागला की झालं उलट. 'ऑपर्च्युनिटी' म्हणजे संधी हा शब्द तर शाळेतल्या मुलांनाही माहीत असतो. तोही याच घराण्यातला.

मूळ: बंदराकडे नेणारा वारा

हे घराणं लॅटिन भाषेतलं आहे. लॅटिनमध्ये 'पोर्तुस' म्हणजे बंदर. उजळाईवाडीच्या विमानतळाला आपण एअरपोर्ट म्हणतो, त्यातला 'पोर्ट' याच पोर्तुसचा वंशज. त्याच्या आधी 'ओब' म्हणजे 'कडे' हा उपसर्ग जोडला की तयार होतो 'ओपोर्तुनुस', म्हणजे बंदराकडे नेणारा.

बंदराकडे नेणारा कोण? तर वारा. शिडाच्या जहाजांच्या काळात खलाशाच्या हातात सुकाणू होतं, पण जहाजाची ताकद वाऱ्याच्या हातात होती. वारा बंदराच्या दिशेने वाहू लागला की तो 'ओपोर्तुनुस'. पुढे या शब्दाचा अर्थ पसरला. वाऱ्यापुरता असलेला शब्द सोयीच्या जागेला, योग्य क्षणाला, अनुकूल परिस्थितीला लागू झाला. रोमन लोकांना बंदरांचं इतकं महत्त्व होतं की त्यांचा बंदरांचा एक स्वतंत्र देवच होता, पोर्तूनुस. त्याचा उत्सव १७ ऑगस्टला असे. रोममध्ये तायबर नदीजवळ त्याचं देऊळ आजही उभं आहे.

फ्रेंचमार्गे 'ऑपर्च्यून' इंग्रजीत आला आणि सोळाव्या शतकात त्याचा नकारार्थी भाऊ 'इनऑपर्च्यून' इंग्रजी लिखाणात दिसू लागला. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या राजकारणातून 'ऑपर्च्युनिस्ट' हा शब्द पुढे आला. वारा फिरेल तसं शीड फिरवणारा, म्हणजे आपल्या भाषेतला संधिसाधू.

तर इनऑपर्च्यून म्हणजे मुळात 'बंदराकडे न नेणारा'. जहाज चांगलं आहे, माल चांगला आहे, खलाशी तरबेज आहेत. फक्त वारा उलटा आहे. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की शब्दाचा अर्थ विसरायला होत नाही.

मराठीत हे चित्र आहे का?

आहे, आणि तेही समुद्रावरचंच. कोकणातले कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. होडी तीच, जाळं तेच, मासेही समुद्रातच असतात. पण नैऋत्येचा वारा आणि खवळलेला दर्या यांच्यामुळे ती वेळ मासेमारीची नसते. मग श्रावणात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि नव्या हंगामाची वाट मोकळी करायची. लॅटिनमधला 'ओपोर्तुनुस' आपल्याकडे असा तिथीत बांधलेला आहे.

मोसमी वाऱ्यांचं इंग्रजी नाव 'मान्सून'सुद्धा वेळेवरूनच पडलं आहे. अरबी भाषेत 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. अरबी समुद्रावरचे व्यापारी याच हंगामी वाऱ्यांच्या हिशोबाने ये-जा करत. हा शब्द पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला आणि 'मान्सून' झाला. आपल्याकडे तो 'मोसम' म्हणून राहिला. त्यावरूनच 'बेमोसमी' हा शब्द आला.

आणखी एक मौज म्हणजे आपला रोजचा 'वेळ' हा शब्द. तो संस्कृत 'वेला' वरून आला. संस्कृतमध्ये वेला म्हणजे मर्यादा, समुद्राचा किनारा, भरती आणि काळसुद्धा. इंग्रजीतही असंच नातं दिसतं. भरती-ओहोटीसाठीचा 'टाइड' हा शब्द जुन्या इंग्रजीत 'वेळ' या अर्थाने वापरत असत आणि समुद्राशी त्याची गाठ नंतर पडली. हजारो मैल दूरच्या दोन भाषांमध्ये वेळ आणि समुद्र असे एकमेकांना चिकटलेले आहेत.

'संधी' हा शब्द मात्र वेगळ्या वाटेने आला. संधी म्हणजे सांधा, जोड. दोन स्वर जुळतात तो व्याकरणातला संधी, दिवस आणि रात्र जुळतात तो संधिप्रकाश, आणि हाडांचा सांधा दुखतो तो संधिवात. म्हणजे इंग्रजी माणसाला 'ऑपर्च्युनिटी' वाऱ्यावर दिसली, तर आपल्याला 'संधी' दोन गोष्टी जुळतात त्या फटीत दिसली. दोन्हीकडे सूचना एकच आहे, हा क्षण फार वेळ टिकत नाही.

कोल्हापूरला बंदर नाही, पण पाऊस आहे

कोल्हापूर घाटमाथ्याच्या अलीकडे. इथून समुद्र गाठायचा तर सह्याद्री उतरावा लागतो. इथल्या माणसाचं वेळेचं गणित वाऱ्यापेक्षा पावसावर बसलेलं. म्हणून इथे इनऑपर्च्यून समजवायला सगळ्यात जवळचा शब्द म्हणजे 'अवकाळी'.

एप्रिल-मेमध्ये दुपारभर उकाडा होतो, संध्याकाळी ढग जमतात आणि धो धो कोसळून तासाभरात सगळं मोकळं होतं. हा वळीव. शेतकरी त्याची वाट बघतो, कारण त्याने जमीन मऊ होते आणि पेरणीपूर्वीच्या मशागतीला मदत होते. वळीव आंब्याला नडतो, कधी घरावरचे पत्रेही उडवतो, पण तो येणार हे गृहीत धरलेलं असतं.

आता तसाच पाऊस नोव्हेंबरात किंवा डिसेंबरात आणून बघा. दिवाळीच्या आसपास जिल्ह्यात गुऱ्हाळं सुरू होतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हा गूळ रस आटवून तयार होतो. काहिलीत रस उकळतो, खाली चुलवाण पेटलेलं असतं आणि त्यात जळण म्हणून जातात वाळलेली उसाची चिपाडं. ही चिपाडं वाळतात उघड्यावर, उन्हात. त्यावर पाऊस पडला की जळण भिजलं. जळण भिजलं की चुलवाण थंड. शिवाय शेतात चिखल झाल्याने ऊसतोड थांबते आणि ऊस भरलेली गाडी बाहेर निघत नाही.

पाणी तेच, ढगही तसेच. मेमध्ये त्याला 'वळीव आला' म्हणायचं आणि डिसेंबरात 'अवकाळीनं घात केला'. पावसाचा गुण बदललेला नाही, त्याच्या येण्याची वेळ बदलली आहे. इनऑपर्च्यून शब्दाला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

म्हणींनी केलेली वर्गवारी

वेळ चुकण्याचे प्रकार असतात, आणि आपल्या म्हणींनी ते केव्हाच वेगळे काढून ठेवले आहेत. त्यांच्या मदतीने इंग्रजी शब्दही नीट लक्षात राहतात.

पहिला प्रकार, फार लवकर. 'बाजारात तुरी'ची म्हण इथली. तूर अजून बाजारात आहे, घरात आलेलीही नाही आणि तिच्यावरून भांडण सुरू. इंग्रजीत याला प्रीमॅच्युअर म्हणतात.

दुसरा प्रकार, फार उशिरा. 'वरातीमागून घोडे' किंवा 'बैल गेला आणि झोपा केला'. यातला झोपा म्हणजे झोप नव्हे, तर गोठ्याला लावायचं काट्याकुट्यांचं दार. बैल निघून गेल्यावर दार लावून काय उपयोग? उशिरा दिलेल्या शुभेच्छांना इंग्रजीत बिलेटेड म्हणतात, तो हाच उशीर.

तिसरा प्रकार, लवकरही नाही आणि उशिराही नाही, पण नेमका नडणारा. 'दुष्काळात तेरावा महिना'. ही म्हण इनऑपर्च्यूनचं अचूक मराठी रूप आहे. ती जरा उलगडून बघू.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. हा फरक भरून काढण्यासाठी आपल्या पंचांगात सुमारे ३२ ते ३३ महिन्यांनी एक जादा महिना येतो, तो अधिक महिना. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. हा महिना स्वतः वाईट नाही. घरोघरी तो 'धोंड्याचा महिना' म्हणून ओळखला जातो. जावयाला बोलावून अनारसे आणि वाण देण्याचा हा काळ. सुकाळ असेल तर कुणी तक्रार करत नाही. पण दुष्काळात, कणगीतलं धान्य संपत आलेलं असताना, वर्षात आणखी एक महिना काढायचा म्हटलं की तोच महिना जड होतो. महिना त्याच्या हिशोबाने वेळेवरच आलेला असतो. घरची परिस्थिती मात्र त्याला सामावून घेण्यासारखी नसते.

म्हणजे इनऑपर्च्यून ठरवताना घड्याळ बघून भागत नाही. ज्याच्यावर ती वेळ आली आहे, त्याची स्थिती बघावी लागते.

गोंधळ होणारे शब्द

या शब्दाच्या आसपासचे काही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. फरक छोटा असतो, पण अर्थ बदलतो.

अनटाइमली: जे अकाली घडतं ते. 'अकाली निधन' या शब्दप्रयोगात हाच अर्थ असतो. राजर्षी शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. अशा मृत्यूला अनटाइमली म्हणतात. तिथे इनऑपर्च्यून म्हटलं तर ते थंड, हिशोबी वाटतं. जणू मृत्यूने आपली गैरसोय केली.

इनकन्व्हीनियंट: गैरसोयीचं. यात फक्त त्रास दिसतो. दुकान लांब आहे, हे इनकन्व्हीनियंट आहे. त्याचा वेळेशी संबंध असेलच असं नाही.

इनॲप्रोप्रिएट: अनुचित. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. हळदीच्या कार्यक्रमात हशा पिकवणारा विनोद सांत्वनाला गेल्यावर केला, तर तो इनऑपर्च्यून. पण एखाद्याची जात, रंग किंवा व्यंग यावर केलेला विनोद कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी इनॲप्रोप्रिएटच. तिथे 'माझं टायमिंग चुकलं' ही सबब चालत नाही, कारण चुकलेलं टायमिंग नसतं.

आखाड्यातली अवेळ

वाईट टायमिंगसाठी इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, काँट्रताँ. तो फ्रेंचमधून आला. 'काँत्र' म्हणजे विरुद्ध आणि 'ताँ' म्हणजे वेळ. तलवारबाजीत चुकीच्या क्षणी केलेल्या वाराला काँट्रताँ म्हणत. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत शिरला. आज त्याचा अर्थ सौम्य झाला आहे. ऐन वेळी आलेली आडकाठी किंवा दोघांमधली किरकोळ खटकाखटकी, असा तो वापरतात.

तलवारबाजी कोल्हापूरकरांना परकी वाटली तरी कुस्ती नक्कीच नाही. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं आणि तालमींचं हे शहर कुस्तीची पंढरी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. धोबीपछाड हा डाव घ्या. समोरच्याचा हात धरून, वळून, त्याला पाठीवरून पुढे आपटायचं. समोरच्याचं वजन पुढे झुकलेलं असेल तर तो सहज उचलला जातो. पण तो मागे रेटून उभा असताना हाच डाव टाकला, तर आपणच आपली पाठ त्याच्या ताब्यात देऊन बसतो. डाव तोच आणि ताकदही तीच, पण क्षण चुकला की कुस्ती हातची गेली. वस्ताद पोरांना डाव शिकवतात, आणि तो कधी टाकायचा नाही हेही शिकवतात.

१९०२: एक समारंभ आणि एक आदेश

इनऑपर्च्यून शब्दाची दुसरी बाजूही बघायला हवी. हा शब्द जसा खरी अडचण सांगतो, तसाच तो टाळाटाळीलाही उपयोगी पडतो. 'मागणी रास्त आहे, पण ही वेळ नव्हे' हे वाक्य घरापासून विधानसभेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. कधी ते खरं असतं, कधी ती केवळ ढाल असते. दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? कोल्हापूरच्या इतिहासातलं एक वर्ष इथे मदतीला येतं.

१९०२ मध्ये ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक व्हायचा होता. तारीख ठरली होती २६ जून. जगभरातले राजेरजवाडे लंडनला निघाले. त्यात कोल्हापूरचे शाहू महाराजही होते. योगायोग असा की २६ जून हा महाराजांचा जन्मदिवस. तयारी पूर्ण झाली, आणि समारंभाला दोनच दिवस उरले असताना, २४ जूनला, राजावर पोटाची तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. आजारपण कधीच सोयीचं नसतं, पण हे तर इनऑपर्च्यूनचा कळस होतं. समारंभ पुढे ढकलला गेला आणि ९ ऑगस्टला पार पडला.

याच दोन तारखांच्या मधल्या काळात, महाराज इंग्लंडमध्ये असतानाच, इकडे करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये २६ जुलै १९०२ रोजी एक आदेश प्रसिद्ध झाला. संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीय उमेदवारांनी भराव्यात, असा तो आदेश. भारतातल्या आरक्षणाच्या इतिहासात याचं स्थान फार वरचं आहे.

या आदेशाची मांडणी वेळेच्या दृष्टीने बघण्यासारखी आहे. त्यात 'योग्य वेळ आल्यावर' अशी मोघम भाषा नव्हती. आदेशाच्या तारखेपासूनच तो लागू होता. ज्या कार्यालयात मागासवर्गीयांचं प्रमाण निम्म्यापेक्षा कमी आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची होती. आणि केलेल्या नेमणुकांचा अहवाल खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी द्यायचा होता. म्हणजे कधीपासून, पहिलं पाऊल कोणतं आणि हिशोब कधी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच होती.

हे समोर ठेवलं की खरी अवेळ आणि सबब यांतला फरक कळतो. राजा आजारी पडला, तेव्हा समारंभ खरोखरच होऊ शकत नव्हता. पण काही आठवड्यांत नवी तारीख ठरली आणि समारंभ झाला. खऱ्या अवेळीला पुढची तारीख असते. सबबीला ती नसते. आदेश काढणाऱ्याने तर सोयीची वेळ येण्याची वाटच पाहिली नाही. त्याने ती ठरवून टाकली.

शिडाच्या जहाजाचा कप्तानही उलट्या वाऱ्यात थांबतो, पण बंदर गाठायचा बेत सोडत नाही. म्हणून पुढच्या वेळी कुणी 'ही वेळ इनऑपर्च्यून आहे' म्हणालं, तर शांतपणे एकच प्रश्न विचारावा, 'मग योग्य वेळ कोणती?' उत्तरात दिवस, महिना किंवा निदान एखादी अट आली, तर अडचण खरी असण्याची शक्यता आहे. उत्तरच आलं नाही, तर अडचण वेळेची नाही हे समजून घ्यावं.

खरी माहिती, चुकीची वेळ

मोबाइलच्या जमान्यात या शब्दाला आणखी एक धार आली आहे, आणि ती कोल्हापूरकरांनी पुरात अनुभवली आहे.

पावसाळ्यात इथल्या लोकांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे असतं. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शहराच्या अनेक भागांत पाणी शिरलं आणि पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. अशा दिवसांत फोनवर येणारा प्रत्येक मेसेज माणूस जीव मुठीत धरून वाचतो. घर सोडायचं की नाही, जनावरं कधी हलवायची, आईला दवाखान्यात कुठल्या रस्त्याने न्यायची, हे त्यावर ठरतं.

अशा वेळी खोटी माहिती घातक असते हे सगळ्यांना पटतं. पण खरी असूनही भलत्या वेळी आलेली माहिती तितकीच घातक असते, इकडे दुर्लक्ष होतं. २०१९ च्या पुराचा व्हिडिओ खरा आहे. तो पुढच्या एखाद्या जुलैमध्ये 'आत्ताची परिस्थिती' म्हणून फिरला की तोच खरा व्हिडिओ घबराट पसरवतो. 'राधानगरीचे चार दरवाजे उघडले' हा मेसेज ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी अगदी खरा असतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात आणि पाणी कमी झालं की बंद होतात. त्यामुळे सकाळची बातमी संध्याकाळी जुनी झालेली असू शकते. उलटही होतं. 'पाणी ओसरू लागलं' हा कालचा दिलासा आज पुन्हा पाऊस वाढलेला असताना पोहोचला, तर माणूस घरातच थांबतो.

अशा मेसेजमध्ये सगळ्यात फसवे शब्द असतात 'आज', 'आत्ता' आणि 'थोड्या वेळापूर्वी'. मेसेज फॉरवर्ड होतो, पण त्याच्यातला 'आज' पुढे सरकत नाही. तो लिहिला गेला त्या दिवसालाच चिकटून राहतो. वाचणारा मात्र तो स्वतःचा 'आज' समजतो.

उपाय साधा आहे. पाणीपातळी, बंद रस्ते, धरणाचा विसर्ग अशी कुठलीही माहिती पाठवताना तारीख आणि वेळ लिहा. 'आज पातळी ४१ फूट' याऐवजी तारीख, वार आणि 'सकाळी ८ वाजता ४१ फूट' असं लिहिलं की तो मेसेज उद्या फिरला तरी कुणाला फसवणार नाही. आलेल्या मेसेजवर तारीख नसेल तर जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत माहितीशी ताडून बघा आणि मगच पुढे पाठवा. व्यवसायाच्या पानांवर आधीच ठरवून ठेवलेल्या पोस्ट असतील, तर गावात आपत्ती असताना त्या थांबवा. सेलची जाहिरात वाईट नसते, पण शेजारची गल्ली पाण्यात असताना ती बघवत नाही.

हा शब्द वापरायचा कसा?

इनऑपर्च्यून हा जरा औपचारिक शब्द आहे. मित्राच्या ग्रुपवर तो जड वाटेल, तिथे 'बॅड टायमिंग' पुरे. पण ऑफिसचा ईमेल, अर्ज, भाषण किंवा बातमी यांत तो शोभतो. सहसा तो क्षण, वेळ, टिप्पणी, प्रश्न, विनंती, भेट अशा शब्दांना जोडून येतो. माणसाला तो लावत नाहीत. माणूस 'इनऑपर्च्यून' नसतो, त्याचं येणं इनऑपर्च्यून असू शकतं.

त्याचा उत्तम उपयोग होतो तो सभ्यपणे नकार देताना. 'तुमचा प्रस्ताव चांगला आहे, पण सध्याची वेळ इनऑपर्च्यून आहे, मार्चनंतर बोलू' या वाक्यात प्रस्तावाचा मान राहतो, अडचण कळते आणि पुढची तारीखही मिळते. माफी मागतानाही तो कामाला येतो. 'मी फोन इनऑपर्च्यून वेळी केला' असं म्हणणारा माणूस समोरच्याच्या परिस्थितीची दखल घेत असतो.

मराठीत लिहिताना मात्र हा शब्द जसाच्या तसा वापरायची गरज नाही. घटना असेल तर 'अवेळी', पाऊस असेल तर 'अवकाळी', बोलणं असेल तर 'अप्रस्तुत' किंवा 'अनाठायी' आणि रोजच्या गप्पांत 'नको त्या वेळी' किंवा 'भलत्या वेळी', असे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. इंग्रजीत जे एका शब्दावर भागतं, त्यासाठी मराठीने प्रसंगानुसार वेगवेगळे शब्द ठेवले आहेत. पाऊस, पेरणी, लग्नसराई आणि पंचांग यांच्या तालावर जगणाऱ्या भाषेला वेळेची एवढी पारख असणारच.